कबड्डीत पकड करणाऱ्याचं मोल किती? बचावपटूची कारकीर्द घडते कशी आणि थांबते कुठे?

प्रदीप नरवालनं प्रो कबड्डी लीगमध्ये चढाईचे १८०१ गुण मिळवले. त्याच लीगमध्ये पकडीचे सर्वाधिक गुण इराणच्या फझल अत्राचलीच्या नावावर आहेत आणि तो आकडा पाचशे-सहाशेच्या घरात आहे. दोघंही आपापल्या कामातले सर्वात मोठे खेळाडू. तरीही एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट.

याचा अर्थ बचावपटू तिपटीनं कमी खेळतो असा नाही. उलट चढाईपटू तीस सेकंदांची चढाई संपवून परत येतो आणि दम खातो, तर बचावपटूला समोरच्या संघाच्या प्रत्येक चढाईला सामोरं जावं लागतं. सामना ४० मिनिटांचा आणि चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे एका सामन्यात साधारण ४० वेळा कोणीतरी त्याच्या अंगणात शिरतं. त्यातल्या पाच चढायांत त्यानं यशस्वी पकड केली तर त्याला 'हाय फाइव्ह' म्हणतात आणि तो दिवस मोठा मानला जातो. उरलेल्या पस्तीस चढायांत त्यानं काय केलं, हे गुणफलकावर कुठेच दिसत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा प्रश्न निव्वळ आकडेवारीचा नाही. शहापूर तालुक्यातलं शेणवा, किन्हवली, डोळखांब किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं सरळगाव, इथे भाताची कापणी-झोडणी उरकली की मोकळ्या जमिनीवर रेषा आखल्या जातात. कबड्डीला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत, टर्फचं भाडं लागत नाही. म्हणून गावातल्या पोराला हा खेळ सहज मिळतो. पण त्यातून पोट भरणारी कारकीर्द मिळते का, आणि त्यातही जो चढाई करत नाही, नुसता कोपऱ्यात उभा राहून पाय पकडतो, त्याला मिळते का?

पावणेदोन मीटरची जागा

आधी ती जागा समजून घ्यायला हवी. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मध्यरेषेनं त्याचे दोन भाग होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषा ते अंतिम रेषा यात उरतात १.७५ मीटर. डावा आणि उजवा कोपरारक्षक बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतात. एक पाऊल मागे गेलं तर मैदानाबाहेर, एक पाऊल पुढे गेलं तर चढाईपटूच्या हाताच्या टप्प्यात.

सात जणांच्या बचावफळीत दोन टोकांना कोपरे, त्यांच्या आत 'इन', मग कव्हर आणि मध्ये सेंटर. कोपरारक्षकाचं हत्यार म्हणजे घोट्याची पकड. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, त्या क्षणी त्याचा एक पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्याचा सगळा भार एका पायावर असतो. कोपऱ्याला हवा असतो नेमका तोच क्षण. घोटा हातात आला की कव्हरनं धडक द्यायची, बाकीच्यांनी साखळी आवळायची. टीव्हीवर नाव घोट्यावर हात टाकणाऱ्याचं येतं, पण चांगल्या संघात ती पकड तीन-चार जणांची असते.

चुकलं तर? चढाईपटूनं एका जागी तीन वेळा हात मारला आणि त्याचा हात रिकामा गेला तर काहीच बिघडत नाही, तो परत येतो. बचावपटूनं झेप घेतली आणि पकड सुटली तर स्पर्शाचा गुण समोरच्याला जातो आणि हा बाहेर जाऊन बसतो. त्याच्या संघानं समोरचा कोणी बाद करेपर्यंत तो बाहेरच. मदतीला धावून आलेल्या दोघांचाही स्पर्श झाला असेल तर तेही बाहेर. एका उतावळेपणातून तीन गुण जातात आणि दोन चढायांनंतर लोण चढतो. त्यामुळे प्रशिक्षक बचावपटूला पकड शिकवतात त्याच्या आधी थांबायला शिकवतात. गावच्या मैदानावर चांगली पकड असणारी मुलं पुष्कळ सापडतात, थांबता येणारी कमी.

नियमांनी बचावपटूला एक गोड बक्षीसही ठेवलं आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक जादा गुण, म्हणजे अव्वल पकड. मग गंमत अशी होते की तीन जण उरलेला संघ कधी कधी सात जणांच्या संघापेक्षा धोकादायक ठरतो, कारण बोनसही बंद असतो. बोनस मिळायला समोर किमान सहा जण असावे लागतात. मोठे सामने शेवटच्या पाच मिनिटांत फिरतात ते बऱ्याचदा अशा तीन जणांच्या भरवशावर.

ठाण्याचा डावा कोपरा

बचावपटूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायचं तर ठाण्याचं एक नाव समोर आहे, गिरीश इरनाक. डावा कोपरा ही त्याची जागा.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवलं आणि ११ वर्षांनी विजेतेपद राज्यात आणलं. कर्णधार होता मुंबई उपनगरचा रिशांक देवाडिगा, चढाईपटू. त्या संघात ठाणे जिल्ह्याचे दोघं होते, चढाईपटू निलेश साळुंखे आणि कोपऱ्यात इरनाक. त्या विजयाच्या बातम्यांत रिशांकच्या चढाया होत्या आणि ते साहजिकही होतं. पण सेनादलासारख्या संघाला २९ गुणांवर रोखणं हे पकडीचंच काम.

त्याच वर्षी जूनमध्ये दुबईतल्या कबड्डी मास्टर्स स्पर्धेत भारतानं अंतिम फेरीत इराणला ४४-२६ असं धुतलं. इरनाक त्या संघात होता. दोन महिन्यांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठीच्या संघातही तो होता. १९९० पासून २०१४ पर्यंत भारतीय पुरुषांनी या स्पर्धेची सातही सुवर्णपदकं जिंकली होती. जकार्तात मात्र गटात दक्षिण कोरियानं २४-२३ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणनं २७-१८. भारताच्या हाती कांस्यपदक आलं.

त्या १८ गुणांकडे जरा थांबून पाहायला हवं. भारताकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, रिशांक असे एकाहून एक चढाईपटू होते. तरी ४० मिनिटांत सगळे मिळून १८. इराणनं तो सामना बचावाच्या जोरावर जिंकला आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यात होता फझल अत्राचली. भारतातल्या लीगमध्ये खेळून त्यानं इथल्या प्रत्येक चढाईपटूच्या पायांचा अभ्यास केला होता. बचाव ही दुय्यम गोष्ट आहे असं मानणाऱ्यांना भारतीय कबड्डीच्या इतिहासात याहून महाग धडा मिळालेला नाही.

जकार्तानंतर काही आठवड्यांतच प्रो कबड्डीचा सहावा हंगाम सुरू झाला आणि इरनाक पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. संघ प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. कोपऱ्यातून कर्णधारपद करणं सोपं नसतं, कारण बाद होऊन बाहेर बसलेल्या कर्णधाराला मैदानातल्या सहा जणांना फक्त ओरडून सांगता येतं. पुढे गुजरात जायंट्स, बंगाल वॉरियर्स, यू मुंबा अशा जर्सी बदलत गेल्या. व्यावसायिक बचावपटूच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. चढाईपटूभोवती संघ बांधला जातो, कोपरारक्षक मात्र संघाची फळी पुरी करण्यासाठी घेतला जातो.

मोजायचं कसं?

न दिसणारं काम मोजायची अडचण फक्त कबड्डीत नाही. उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकीत बचावपटूंची हीच तक्रार होती. गोल करणाऱ्याची आकडेवारी तयार असते, गोल होऊ न देणाऱ्याची कुठून आणायची? तिथल्या राष्ट्रीय हॉकी लीगनं दोन गोष्टी केल्या. १९५४ पासून सर्वोत्तम बचावपटूसाठी नॉरिस ट्रॉफी हा स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. आणि पुढे 'प्लस-मायनस' नावाचा हिशेब रूढ झाला, म्हणजे एखादा खेळाडू बर्फावर असताना पॉवर प्लेमधले गोल सोडून आपल्या संघानं किती गोल केले आणि किती खाल्ले, याची वजाबाकी. हा हिशेब निर्दोष नाही, कारण चांगल्या संघातला साधा खेळाडूही त्यात चमकतो. पण निदान मैदानावर नुसतं असण्याचीही नोंद होते.

कबड्डीत पकडीच्या यशाची टक्केवारी काढतात, हंगामाच्या शेवटी सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही देतात. पण ज्या कोपऱ्यासमोर चढाईपटू वळायलाच तयार नाही, त्या कोपऱ्याच्या खात्यात शून्य. रिकाम्या गेलेल्या चढाया खरं तर बचावाच्या कमाईत धरायला हव्यात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. 'करो या मरो'ची ती वेळ समोरच्यावर आणणारी माणसं कोण? तीच, ज्यांनी आधीच्या दोन चढायांत उगाच झेप घेतली नाही.

लिलावात कोपऱ्याची किंमत

लीगचा पहिला हंगाम २०१४ मध्ये झाला. २०१८ च्या लिलावात पहिल्यांदा एका खेळाडूवर एक कोटीची बोली लागली, आणि तो चढाईपटू नव्हता. यू मुंबानं फझलला एक कोटीत घेतलं. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणनं आणखी एका इराणी खेळाडूवर, मोहम्मदरेझा शादलूवर, २.३५ कोटी लावले. त्याचीही मूळ ओळख डावा कोपराच. आदल्याच हंगामात त्यानं एका सामन्यात पकडीचे १६ गुण मिळवले होते. पुणेरीनं मार्च २०२४ मध्ये हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद पटकावलं.

म्हणजे बचावपटूला आता पैसा मिळतो, असं म्हणायचं का? शिखरावरच्या दोघा-तिघांना, हो. खाली चित्र वेगळं आहे. संघाला लिलावासाठी पाच कोटींची मर्यादा असते. वीस खेळाडू धरले तर सरासरी २५ लाख येते. पण दोन नावांवरच तीन-साडेतीन कोटी गेले की उरलेल्या अठरांच्या वाट्याला दीड-दोन कोटी राहतात. अलीकडच्या हंगामांत मूळ किमतीचे चार गट आहेत: ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. बरेच बचावपटू आपल्या गटाच्या मूळ किमतीला किंवा तिच्या जरा वर विकले जातात, तर अनेकांचं नाव पुकारलं जातं आणि कोणीच फलक उचलत नाही. या बाजाराला जुना मान ठाऊक नाही. खुद्द प्रदीप नरवाल २०२५ च्या लिलावात विकला गेला नाही आणि त्यानंतर त्यानं निवृत्ती घेतली.

शेणव्यातल्या घरात ९ लाख ही लहान रक्कम नाही हेही खरं. फक्त ती दर वर्षी येईलच याची हमी नाही.

खरा आधार नोकरीचा

म्हणून महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूला विचारलं तर तो लीगच्या आधी नोकरीबद्दल बोलतो. लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून या खेळाचा संसार चालवला तो नोकरी देणाऱ्या संघांनी. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, मुंबई बंदर अशा ठिकाणी खेळाडू म्हणून भरती व्हायची, सकाळी सराव, मग हजेरी, आणि राज्यभरच्या व्यावसायिक गटाच्या स्पर्धा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

पण त्यासाठी प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्रासाठी निवड हवी. इथे गावच्या बचावपटूची गाडी अडते. वाट अशी: गावचा संघ, जिल्हा संघटनेच्या स्पर्धा, जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ. निवड समितीसमोर चढाईपटूला आपली चमक दोन चढायांत दाखवता येते. कोपरारक्षकाला मात्र शेजारी ओळखीचा कव्हर लागतो. अनोळखी सहा जणांसोबत उभं केलं तर घोटा पकडूनही मदत वेळेवर येत नाही, चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं पोराच्या हातात ताकद नाही. जोडीनं घडलेला खेळाडू एकट्यानं तपासला जातो, हा या निवड पद्धतीचा जुनाच दोष आहे.

त्यात वजनाचा काटा. किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलोची मर्यादा, कुमार गटाला २० वर्षं आणि ७० किलोची, आणि खुल्या गटात एकदम ८५ किलोपर्यंतची माणसं. कुमार गटात राज्य गाजवलेला सडपातळ कोपरा खुल्या गटात आला की त्याच घोट्यावर पंधरा किलोचा जादा भार असतो. ही मधली दोन-तीन वर्षं व्यायाम, दूध, अंडी आणि वेळ मागतात. नेमक्या त्याच वयात घरून विचारणा सुरू होते की कामाला कधी लागणार.

शिवाय माती आणि मॅट. गावात अनवाणी पायाचा घोटा पकडायची सवय असते. मॅटवर चढाईपटूच्या पायात बूट, आणि वळण्याचा वेग जास्त. मातीवर पाय घसरतो तेव्हा बचावपटूला मिळणारा अर्धा क्षण मॅटवर मिळत नाही. आसनगावहून लोकल पकडून मॅट असलेल्या ठिकाणी सरावाला जायचं तर दिवसातले काही तास प्रवासातच जातात. हे करणारी मुलं आहेत, पण त्यांच्या चिकाटीचा गुणही कुठे मोजला जात नाही.

मुलींसाठी तर लीगचं दारच बंद आहे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली. प्रो कबड्डीचे हंगाम पुढे बारापर्यंत गेले, महिलांची ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. तेव्हा मुरबाडच्या शाळेत उत्तम पकड करणाऱ्या मुलीपुढे कारकीर्द म्हणून जे आहे ते म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा एखादी बँक.

गुडघे किती वर्षं साथ देतात?

आईस हॉकीतला बॉबी ऑर सलग आठ वर्षं नॉरिस ट्रॉफीचा मानकरी होता. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि १९७८ मध्ये, तिशीतच, तो थांबला. कबड्डीतल्या कोपऱ्याचं दुखणंही तेच. वाकलेल्या गुडघ्यावर ४० मिनिटं उभं राहायचं, मग एका क्षणात खाली सूर मारायचा, आणि वर तीन जणांचं वजन पडायचं. गुडघ्याचा अस्थिबंध, खांदा, बोटांचे सांधे ही नेहमीची यादी. गावात दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून पुढची स्पर्धा खेळण्याची रीत आहे, आणि अनेक कारकिर्दी त्या पट्टीखालीच संपतात.

याच्या उलट उदाहरणही बचावातलंच आहे. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन १९७५ मध्ये जन्मला. २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचं विजेतेपद त्यानं कर्णधार म्हणून उचललं आणि २०१९ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो हरियाणा स्टीलर्सचा कर्णधार होता. चढाईपटूचा वेग तिशीनंतर उतरू लागतो आणि तो लगेच दिसतो. कोपरारक्षकाचा वेग उतरला तरी समोरचा कोणत्या पायावर वळणार हे त्याला आधी कळत असेल तर काम भागतं. चेरलाथन बराच वेळ नुसता हातवारे करून सहकाऱ्यांना पुढे-मागे करत राहायचा. पुढे २०२४ च्या हंगामात तो तमिळ थलायवाजच्या प्रशिक्षक वर्गात दिसला. तिथेही त्याचं काम तेच होतं, फक्त आता रेषेबाहेर उभं राहून.